आत्याचा केशरी दिवा

इथली जुनी मंडळी मला ओळखत असतील. कुणी 'बंद पंखा आपोआप फिरला' असं लिहिलं की खाली 'न्यूट्रल लूज असेल, इलेक्ट्रिशियन बोलवा' असं टाकून जाणारा तो आगाऊ प्राणी म्हणजे मीच. भुतंखेतं, आत्मे, संकेत... यातल्या कशावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं ते कुठेतरी लिहायला हवंय, आणि निदान या धाग्यावर माझी खेचायला मी स्वतः नसेन, एवढं तरी बरं.

मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला राहतो. एका चिप कंपनीत व्हॅलिडेशनला आहे — म्हणजे नवीन बोर्ड आले की ते कुठे आणि कसे बिघडतात ते शोधायचं. वीकेंडला घरीही तेच, फक्त हौसेनं. डायनिंग टेबलाचा अर्धा भाग माझ्या सोल्डरिंग आयर्नचा आणि वायरींचा, उरलेल्या अर्ध्यावर मी आणि माझी बायको गौरी जेवतो. तिने हे सहन केलंय, त्याबद्दल तिला नमस्कार.

आता आत्या. मिरजेला असायची, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. इंजिनिअरिंगची चारही वर्षं मी तिच्याकडेच राहिलो. तिचा मुलगा मिलिंद आणि मी एकाच खोलीत वाढलो म्हणा ना. आत्याचा एकच नियम होता — कुठेही जा, पोचलास की मिस्ड कॉल दे. पुण्याला जा, मुंबईला जा, नाहीतर कोपऱ्यावरच्या गिरणीत जा! नाही दिला तर ती स्वतः फोन करून विचारायची, "पोचलास का रे निख्या?" मी अमेरिकेत आलो तरी हे थांबलं नाही. रोज ऑफिसमधून घरी आलो की मिस्ड कॉल. माझी संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ, तिकडे दूध तापत असायचं. फोन बघायला धावायची आणि दूध उतू जायचं.

म्हणून मी दिवे केले. एका गराज सेलमध्ये पांढऱ्या काचेचे दोन गोल शेड मिळाले होते, अगदी जुळे. आत एलईडीची रिंग आणि वायफायचा छोटा बोर्ड बसवला. हात लावायला काहीतरी तांब्याचं हवं होतं, तर आमच्याकडे पूजेच्या सेटमधली दोन छोटी ताम्हनं पडून होती. त्यांना वायर डकवली. एक दिवा इथे, एक मिरजेला. मी घरी येऊन ताम्हनावर हात ठेवला की तिकडे हिरवा दिवा लागणार. पोचलो!

इंडिया ट्रिपमध्ये तो दिवा तिला दिला तेव्हा तिने उलटासुलटा करून पाहिला. "ताम्हनाला वायर? देव चार्ज करायचेत का मेल्या?" मग म्हणाली, "आणि तू विसरलास तर? मला विचारायची काही सोय कर की."

ती पण केली. तिने तिच्या ताम्हनावर हात ठेवला की माझा दिवा केशरी. आणि मी हात ठेवेपर्यंत तो विझणार नाही, असं तिने बजावून करून घेतलं. मी ट्रॅफिकमध्ये अडकलो की घरी आल्या आल्या गौरी सांगायची, "जा, वॉरंट निघालंय तुझं." मी हात ठेवायचो, केशरी विझायचा, तिकडे हिरवा लागायचा. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

जानेवारीत आत्याला न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. माझ्या व्हिसाच्या एक्स्टेंशनचे कागद नेमके अडकलेले, अमेरिकेबाहेर पडलो असतो तर परत कधी येता आलं असतं देव जाणे. मिलिंद म्हणाला, "घाई नको करू, सुधारतेय ती." त्याच संध्याकाळी हायवेवर कुणाचातरी ॲक्सिडेंट झालेला, मला घरी यायला बराच उशीर झाला. आलो, सवयीने ताम्हनावर हात ठेवला, आणि शूज काढतोय तोवर मिलिंदचा फोन. "गेली रे."

बाकीचं मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. त्याबद्दल मला इथे लिहिता येणार नाही.

दिवस वगैरे होईपर्यंत मी घरूनच काम केलं. मग ज्या दिवशी पहिल्यांदा ऑफिसला जाऊन परत आलो, शूज काढले, मान वर केली — दिवा केशरी!

मला वाटलं तिकडचा दिवा पुसताना मिलिंदचा ताम्हनाला हात लागला असेल. फोन केला. तो म्हणाला, "अरे, तो कपाटात आहे. आईच्या साड्यांखाली. बघवेना मला, म्हणून ठेवून दिला." कॅमेऱ्यावर दाखवलासुद्धा. ॲडॅप्टर वेगळा, वायर गुंडाळलेली.

गौरी शेजारी उभी होती. म्हणाली, "निखिल, हात ठेव ना आधी."

आणि मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो, "थांब, हात नको लावूस. स्टेट बदलेल."

आमच्या धंद्यात हा पहिला धडा असतो. फेल झालेल्या बोर्डाला हात लावायचा नाही. इनपुट दिलं की पुरावा जातो. आधी बघायचं, मोजायचं, मग हात. हजार वेळा ज्युनिअर पोरांना मी हेच ओरडून सांगितलंय.

तर मी बघत बसलो. ज्या सर्व्हरवरून दिव्यांचे संदेश जायचे, तिथल्या लॉगमध्ये मिरजेकडून एकही नोंद नाही. दुसऱ्या दिवशी घरी आलो, पुन्हा केशरी. गौरी घरूनच काम करते, ती म्हणाली, "तू यायच्या आधी नव्हता लागला." शनिवारी दिवसभर घरात होतो, काही नाही. भाजी आणायला इंडियन स्टोअरला जाऊन आलो — लागला. मग घरातलं वायफायच बंद केलं आणि बोर्ड आत काय करतोय ते दिसावं म्हणून दिवा वायरने लॅपटॉपला जोडून ठेवला. खाली चक्कर मारून आलो. स्क्रीनवर बोर्डाने स्वतः लिहिलेली ओळ होती: मिरजेहून संदेश आला. म्हणजे पत्र दारात पडलंय आणि गावात पोस्टमनच नाही!

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला चेव चढला होता. बग सापडल्यावर चढतो तसा. रोज संध्याकाळी मी फोटो काढायचो, व्होल्टेज मोजायचो, आणि शेवटी प्लग ओढून दिवा विझवायचो, सकाळी प्लग परत बसवायचो. हात लावायचा नाही म्हणून प्लग. गौरी दर वेळी म्हणायची, "अरे एकदा ठेवून तर बघ." शेवटी तिने बोलणंच सोडलं. तिने स्वतः का नाही ठेवला, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, "मला नव्हतं विचारलेलं."

माझा निष्कर्ष असा निघाला की जुना एखादा संदेश मेमरीत अडकला असणार. मी घरी आल्यावरच का लागतो, याला उत्तर नव्हतं, पण म्हटलं राहू दे. रविवारी चिप पूर्ण इरेज केली आणि कोड नव्याने टाकला. सोमवारी घरी आलो. दिवा लागला नाही. मंगळवारीही नाही. मी खुशीत गौरीला म्हणालो, "झालं फिक्स."

"काय फिक्स झालं?" एवढंच म्हणाली ती, आणि आत गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी मिलिंदशी बोलत होतो. बोलता बोलता त्याला मी ही सगळी गंमत म्हणून सांगितली. दिवा नेमका कधी कधी लागायचा, ते त्याने पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो... तिने तो दिवा हॉस्पिटलमध्ये मागून घेतला होता. तिथलं वायफाय काही त्याला जोडता येईना. शेवटच्या दिवशी सारखी ताम्हनावर हात ठेवत होती. विचारत होती, निख्याचा हिरवा दिवा का लागत नाही, पोचला का तो? मी म्हटलं, पोचला असेल गं. तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, असेल नको, पोचला का ते सांग."

मी त्या वेळी हायवेवर होतो. घरी येऊन हात ठेवला तो तिच्यापर्यंत गेलाच नाही.

फोन तसाच टाकून मी दिव्याकडे धावलो. दोन्ही हात ठेवले ताम्हनावर, देवासमोर ठेवावेत तसे. काही झालं नाही. होणार कसं? मीच व्यवस्थित पुसलं होतं सगळं. ती विचारत होती, रोज विचारत होती, आणि मी तिचं व्होल्टेज मोजत होतो. गौरीने मला उठवलं तेव्हा मी किती वेळ रडत होतो, मला माहीत नाही.

आता मिलिंदने तिकडचा दिवा तिच्या फोटोजवळ लावलाय. मी रोज घरी आलो की हात ठेवतो. तिकडे हिरवा लागतो, मिलिंद त्याचा फोटो पाठवतो. माझा दिवा केशरी झालेला नाही. कधीकधी मी मुद्दाम हात ठेवत नाही, तासभर वाट बघतो. तरी नाही.

कुणाला यामागचं कारण सुचलं तर जरूर लिहा. स्टॅटिक, खराब मेमरी, शेजारच्यांचा सिग्नल — हे सगळं मी तपासलंय, आणि वायफाय बंद असताना ती ओळ कुठून आली ते मला आजही सांगता येत नाही. पण तुमच्यापैकी माझ्यासारखं कुणी असेल, आणि त्याच्या घरी असं काही लागलं, तर एवढं करा. आधी हात ठेवा. लॉग काय, नंतर बघता येतो.