सर्व्हर उठेपर्यंत अक्का बसत नसे

सर्व्हर उठत असला, म्हणजे बंदचा चालू होत असला, की अक्का खुर्चीत बसायची नाही. पडद्यासमोर हाताची घडी घालून उभी. मोठे साहेब काही विचारायला आले तरी त्यांना तिच्या कानडी-मराठीत एकच उत्तर, "स्वल्प थांबा."

अक्का म्हणजे माझी बायको. होसकोट्याच्या कारखान्यात सगळे तिला अक्का म्हणायचे. मला कसं म्हणता येणार? मी चारचौघांत मॅडम म्हणायचो आणि लोक फिदीफिदी हसायचे. ती बी.एस्सी., कॉम्प्युटरच्या खोलीची मुख्य. मी सातवी नापास, त्या खोलीमागचा जनरेटर सांभाळायचो. लग्न ठरवताना तिच्या अण्णांनी माझ्यात काय बघितलं, देव जाणे.

नव्वदीची ती वर्षं. बेंगळूरची वीज म्हणजे आली तर आली. त्या सर्व्हरला प्रोसेसर चार. तिनं मला एकदा समजावलं होतं, "चौघं एकदम उठत नाहीत हो. आधी एकटा उठतो, सिस्टिम आत घेतो, मग बाकीच्यांना हाका मारतो. आपल्या घरासारखं." घरात पहिलं कोण उठायचं ते सांगायला नको. टोमणा मला होता.

खोलीचे नियम कडक. चपला बाहेर, डबा बाहेर, नवराही बाहेर. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला कुंकू लागलं आणि तिचंच तेवढं कोरडं राहिलं, हे काही तिला बघवेना. बंद सर्व्हरला तिनं हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, वर मूठभर अक्षता.

सुट्टी संपल्यावर टेपवरून नवी सिस्टिम चढवायची होती. टेप आतच जाईना. पुण्याहून नवे आलेले साहेब आधीपासून म्हणत होते, अक्काला स्टोअरमध्ये पाठवा, ही खोली इंजिनियर पोरांना द्या. आता त्यांना निमित्तच मिळालं. मशीनला हात कुणी लावला म्हणून त्यांनी दारातल्या झाडूवाल्याला धरलं. तो बिचारा झाडू टाकून हात जोडायला लागला.

"त्याला नका विचारू," अक्का म्हणाली. "अक्षता मीच वाहिल्या."

मी खिडकीबाहेर. म्हटलं, गेली खोली हिची.

तिनं टेपच्या खाचेवरचं झाकण उघडलं, चिमट्यानं दाणे वेचून काढले, आतलं कुंकू पुसलं. टेप फिरली. पडद्यावर अक्षरं सरकायला लागली. पहिला प्रोसेसर आला. दुसरा, तिसरा आला. चौथा येईना. साहेब काहीतरी बोलायला लागले.

"स्वल्प थांबा," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता.

आला. मग ती बसली, तेही धपकन.

साहेब निघून गेले. खोली तिचीच राहिली. पुढच्या वर्षी त्यांनीच येऊन विचारलं, अक्का, कुंकू कुठाय? तिनं ते टेबलाला लावायला लावलं.

चौथा उठला त्या संध्याकाळी आम्ही कंपनीच्या बसनं घरी निघालो. आमचा बनशंकरीचा स्टॉप जवळ आल्यावर ती म्हणाली, "खोली गेली असती तर घरी काय केलं असतं हो मी? तुमचं तोंड बघत बसले असते?"

मी म्हटलं, बघण्यासारखं आहे की. ती हसली, आणि भर बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. असं कधी करायची नाही.

तिला जाऊन वर्ष होईल. जनरेटर सुटला, मी आता घरीच असतो. तिनं काही करू नये. नुसतं समोर बसावं, माझं तोंड बघत.