कोंबडीचे दात

तुमसरहून बपेऱ्याला जाणाऱ्या एसटीत एक माणूस माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर मासे धरायचं जाळं, गुंडाळून थैलीत घातलेलं. मी मोबाइलवर एक सिनेमा परत बघत होतो. मोठमोठे समीक्षक त्याला थोर म्हणतात, मीही पेपरात तसंच लिहिलंय. कोंबडीला माणसाचे दात येतात आणि ती मालकाचे कान खाते, असा अंगावर येणारा सिनेमा.

तो मान वाकवून बघायला लागला आणि हसला. चांगला खांदे हलवून हसला. मला राग आला. मी एक इअरफोन त्याच्यापुढे धरला.

"नोको जी," तो म्हणाला. "आवाजानंच भेव वाटते. असाच पाहू द्या."

पुढे एका दृश्यात मुलगा पहाटे उठून, झोपलेल्या म्हाताऱ्या बापाच्या नाकासमोर तळवा धरतो. इथे त्याचं हसू थांबलं. जाळ्यावरचा हात थोडा वर आला आणि तसाच राहिला.

"हे बराबर दाखोलं," तो म्हणाला. "मी बी सकाळी उठलो का आमच्या बुढ्याजवळ असाच हात धरून पायतो."

तेवढ्यात पडद्यावर पुन्हा कोंबडी आली. त्याचं गावही आलं. थैली उचलून तो दारापर्यंत गेला, आणि वळून त्यानं विचारलं, "मंग, जित्ता होता का तो बुढा?"

हा सिनेमा मी कितीदा तरी पाहिलाय. कोंबडीच्या दातांवर अर्धा लेख लिहिलाय. म्हाताऱ्याचं काय झालं, ते मी कधी बघितलंच नव्हतं.