चॅपलच्या उतारावरची फुलं

ओक रिजचं नाव काढलं की हॅसीआत्या नाक मुरडायची. आणि मार्च उजाडला की तीच मला फोन करायची, "ट्वायला, गाडी काढ, जाऊन येऊ." टेकडीवरच्या त्या पांढऱ्या चॅपलखाली रस्त्याकडेला गाडी लावायची, घरून आणलेली हॅम-बिस्किटं गाडीतच बसून खायची, की परत. चॅपलमध्ये पाऊल टाकायचं नाही. माझ्या पेट्रोलची पर्वा कुणाला?

ती टेकडी आमची होती. दुसऱ्या महायुद्धात, आत्या दहा वर्षांची असताना, दारावर सरकारी कागद ठोकलेला दिसला. लढाईसाठी जागा हवीय, निघा. निम्मा मका शेतातच उभा होता. मग कुंपण पडलं, पहारेकरी आले, चिखलात रातोरात हे ओक रिज शहर उभं राहिलं आणि नकाशावर त्याचं नावसुद्धा नव्हतं. आत अणुबॉम्ब शिजतोय हे आमच्या माणसांना तो पडल्यावर कळलं. कॅथलिक, बाप्टिस्ट, ज्यू सगळ्यांनी पाळीपाळीनं प्रार्थना करायची म्हणून बांधलेलं हे चॅपल, नेमकं आमच्या अंगणाच्या वर.

निघताना आजीनं भांडी नेली, कोंबड्या नेल्या. डॅफोडिलचे कंद तेवढे राहिले. हिवाळ्याच्या तोंडावर वर पातही नसते, खणणार कुठे? पुढे मरेपर्यंत ती दर वसंतात स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून म्हणायची, "माझी फुलं उगवली असतील का गं?" उगवली होती. चॅपलच्या उतारावर पिवळीधमक. कुंपण उठल्यावर आत्यानं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा आजी जाऊन वर्ष झालं होतं. ते शल्य तिला कायम राहिलं.

यंदा मात्र आत्या बादली आणि खुरपं घेऊन गाडीत बसली. "कंद आईच्या थडग्यावर लावायचेत," ती म्हणाली. "गुडघे गेलेत माझे. पुढच्या वर्षी ही टेकडी मला चढवणार नाही."

"अगं, फुलावर असताना खणतात का कुणी?"

"नंतर खणू? तोवर चॅपलवाल्यांचं गवतकापणीचं यंत्र फिरलेलं असतं."

तर आम्ही उतारावर. आत्या गुडघ्यांवर बसून खणतेय, मी बादली धरून इकडेतिकडे बघतेय. चॅपलचं दार उघडलं आणि एक म्हातारा काठी टेकत खाली आला. नॉर्बर्ट त्याचं नाव, ते नंतर कळलं.

"बाई, काय चाललंय हे?"

"माझ्या आईची फुलं न्यायला आलेय," आत्या मान वर न करताच म्हणाली. "पोलिसांना बोलवायचंय तर खुशाल बोलवा. आमचं अंगण होतं हे."

 म्हातारा तिथेच गवतावर हळूहळू बसला. मला वाटलं, याला काहीतरी होतंय.

"आमचं लग्न इथंच झालं, लढाईत," तो म्हणाला. "मी कारखान्यात, लॉरेनही तिथंच. फुलं आणायला ना पैसे, ना सुट्टी. ती गमबूट घालून या चिखलात उतरली आणि हीच फुलं तोडली. सगळी नाही तोडली. म्हणाली, कुणातरी बाईनं हौसेनं लावलीत ही, ती येईल बघायला, तिला दिसायला हवीत."

आत्याचं खुरपं थांबलं.

"दर वसंतात विचारायची मला, आली असेल का रे ती? कुठं असेल? मी म्हणायचो, वेडी आहेस, कोण येतंय आता. नोव्हेंबरात गेली लॉरेन." त्यानं डोळे पुसले. "आज म्हटलं, तिच्या वतीनं बघून यावं."

आत्या रडत होती. आजीला मूठमाती देतानाही न रडलेली बाई. इतकी वर्षं तिची समजूत होती की या शहरात तिच्या आईची कुणाला आठवण नाही.

"नाव काय होतं हो त्यांचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"डेल्फिया."

त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि चॅपलच्या उघड्या दाराकडे बघत, बायको आतच बसलेली असावी तसं म्हणाला, "लॉरेन, डेल्फिया नाव होतं गं तिचं. तिची मुलगी आलीय."