पहिल्या शिट्टीचा माणूस

"मी हाय."

बंद स्वयंपाकघरातून हा आवाज आला की बाहेर गल्लीत उभ्या असलेल्या घरादाराच्या जिवात जीव यायचा. म्हाताऱ्या हात जोडायच्या, पोरं टाळ्या पिटायची, आणि घरमालक धोतर सावरत सांगायचा की मला काही भीती नव्हती, पोरांसाठी म्हणून बाहेर आलो. मग पुन्हा शिट्टी व्हायची, पुन्हा सगळे चार पावलं मागे सरकायचे, आणि पुन्हा आतून तोच बसका, निवांत आवाज यायचा. "मी हाय."

तुम्ही आज कुकर लावून खुशाल फोनवर बोलत बसता, म्हणून तुम्हाला हे खोटं वाटेल. पण त्या काळच्या औरंगाबादेत कुकर ही चुलीवर ठेवावी की गावाबाहेर, हे अजून न ठरलेली वस्तू होती. गुलमंडीवर भांड्यांच्या एका दुकानात मी काउंटरला होतो. आमच्या शेठने मोठ्या हौसेने दारातच कुकरांचा मनोरा रचला होता. लोक यायचे, मनोऱ्याकडे लांबून बघायचे, आणि बादली घेऊन जायचे. कारण गावभर अफवा होत्या. कुणाचं झाकण उडून शेजारच्या विहिरीत पडलं होतं, तर कुणाच्या घराचं छप्पर म्हणे शहागंजात सापडलं होतं. ते छप्पर कुणाचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ते डोळ्यांनी पाहिलेली माणसं मात्र रोज दुकानात यायची.

शेवटी शेठने डोकं लढवलं. कुकर घ्या, त्याच्याबरोबर एक माणूस फुकट. माणूस तुमच्या घरी येईल, पहिला कुकर स्वतः लावेल, आणि शिजेपर्यंत त्याच्यापाशी बसून राहील. काही झालंच तर त्याला होईल. हे शेवटचं वाक्य शेठ जरा खालच्या आवाजात बोलायचे, पण गिऱ्हाइकाला तेच सगळ्यात जास्त पटायचं.

तो माणूस म्हणजे मामा; अख्खं दुकान त्यांना मामाच म्हणायचं. खरं तर ते दुकानात भांड्यांवर नावं घालायचे. लग्नसराईत सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातोडी आणि खिळा घेऊन ताटावर सप्रेम भेट ठोकत बसायचे. त्या ठोकाठोकीत त्यांचे कान बरेचसे गेले होते. समोर बसून बोललेलं कळायचं, भिंतीपलीकडचं काही कळायचं नाही. शेठने त्यांना निवडलं ते कानांसाठी, धैर्यासाठी नव्हे. कुकरची शिट्टी मामांना कुणीतरी लांबून हाक मारल्यासारखी वाटायची. आता हाकेला कोण घाबरणार?

पहिलं घर लागलं उस्मानपुऱ्यात. मामा आत बसले, दार लागलं, बाहेर सगळे उभे. शिट्ट्या झाल्या, आत सामसूम. घरच्या जावयाने दाराला कान लावला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की माणूस गेला. एक जण डॉक्टरला आणायला सायकलवर निघाला. घरातल्या बायकांनी मामांना तासाभरापूर्वीच पहिल्यांदा पाहिलं होतं, तरी त्यांनी डोळ्यांना पदर लावले. तेवढ्यात मामांनी दार उघडलं आणि वरण तयार आहे, तूप कुठे ठेवलंय, असं विचारलं. तेव्हापासून मामांनी नेम केला. शिट्टी झाली की आतून मोठ्याने सांगायचं, मी हाय.

पुढे त्यांनी या नेमाला शास्त्रही जोडलं. लोक विचारायचे, मामा, हा शिट्टी कामून देतो? मामा मांडी घालून समजावून सांगायचे. "पहिली शिट्टी म्हंजी त्यो इचारतो, कोण हाय. दुसऱ्या शिट्टीला म्हणतो, किती जण हाय. तिसऱ्या शिट्टीला म्हणतो, मग वाढा की. त्याला काय पाहिजे? कुणीतरी जवळ पाहिजे. एकटा सोडला की त्याचं डोकं फिरतं." यात विज्ञान किती होतं ते मला विचारू नका. पण ज्या घरात हे सांगितलं, त्या घरात कुकर चुलीवर ठेवून शेजारी गप्पा मारायला कुणी गेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

हळूहळू लोक मामांना कुकरापलीकडचंही विचारू लागले. खाण्यापिण्याचं, दुखण्याखुपण्याचं, जे मनात येईल ते. शिट्टीवाटे डाळीतलं सत्त्व निघून जातं का, ही सगळ्यांचीच काळजी. मामा म्हणायचे, वाफ पिऊन कुणी जाडजूड झालेलं पाहिलंय का? नाही ना, मग सत्त्व खालीच आहे. एका प्राध्यापकांनी विचारलं, दाबाखाली शिजलेलं खाऊन रक्तदाब वाढेल का. मामांनी त्यांना धीर दिला की दाब कुकरातच राहतो, झाकण काढल्याशिवाय कुणी वाढून घेत नाही. कांद्याची भाजी केलेल्या कुकरात एकादशीचे बटाटे उकडले तर उपास मोडतो का? "कुकरला उपास नसतो," मामा म्हणाले, "घासून घ्या." कुकरच्या भाताने गुडघे धरतात का, यावर मात्र त्यांनी बराच वेळ विचार केला आणि आपलेही धरतात पण ते गावाहून रोज फुलंब्रीच्या गाडीने येऊन, असं सांगितलं.

जुन्या शहरातल्या एका घरात तर वेगळाच पेच पडला. परका पुरुष स्वयंपाकघरात कसा जाणार? मग स्टोव्ह, कुकर आणि मामा अंगणात बसले आणि अख्खं घर पडद्याआड आत. शिट्टी झाली की पडद्यामागून म्हाताऱ्या खाला विचारायच्या, "मामू, हैं ना?" मामा सांगायचे, "हौ खाला, मैं हूँ." शेवटी खालांनी पडद्याखालून पानाचा डबा सरकवला, कारण इतक्या शूर माणसाला नुसतं वरण-भातावर कसं पाठवायचं.

पुढे पुढे तर हद्द झाली. नवीन मिक्सर आला, बोलवा मामांना. कुणाकडे टेलिफोन लागला, पहिली घंटी वाजेल तेव्हा मामा जवळ हवेत. एकाने फ्रीज घेतला आणि विचारलं, दार लावल्यावर आतला दिवा विझतो की जळतच राहतो? मामा म्हणाले, आत बसून बघतो आणि काय ते ओरडून सांगतो. शेठने त्यांना हाताला धरून दुकानात परत आणलं.

आता तुम्ही म्हणाल, ज्या माणसाने अख्ख्या शहराला कुकर शिकवला, त्याच्या घरी किती कुकर असतील. एकही लागत नव्हता. मामांची हीच एक सल होती. मामी कुकर चुलीवर चढू देत नसत. मामा फुलंब्रीहून रोज सकाळच्या गाडीने यायचे, आणि मामींच्या मते ते रोज मरायला जायचे. संध्याकाळच्या गाडीने ते उतरेपर्यंत मामींच्या घशाखाली घास उतरत नसे. मामा हे आम्हाला हसत हसत सांगायचे. "मी तिकडं तूप-भात हाणतो, आन् ही हिकडं उपाशी. येडी हाय."

शेठने खूश होऊन मामांना एक कुकर बक्षीस दिला. तो घरी गेला त्याच दिवशी मामींनी निवाडा केला. भांड्यात त्यांनी मीठ भरून ठेवलं आणि झाकण गावाच्या दुसऱ्या टोकाला, दिराच्या घरी पाठवून दिलं. भांडं आणि झाकण एका छपराखाली नको. मामांनी समजावलं, चिडून पाहिलं, एकदा रुसून जेवले नाहीत. मामी म्हणाल्या, "भायेर जीव टांगणीला लावताय तेवढं बास झालं. घरात नाय." मामा दुकानात येऊन ताटावर जरा जोरातच हातोडी मारायचे आणि म्हणायचे, "भाऊ, आपल्या घरी एक शिट्टी झाली पाहिजे बघ. एकच. मग मी मेलो तरी चालंल." शिट्टीसाठी मरायला तयार असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वर्षं गेली. शहर धीट झालं. कुकर लावणाऱ्या सुना आल्या, त्यांना कुणी सोबतीला लागेना. मामा पुन्हा नावं घालायला बसले, मग नजर अधू झाली तशी नोकरी सोडून गावी राहिले. पुढच्या हिवाळ्यात कुणीतरी सांगितलं की मामांचं पोट बिघडलंय आणि ते फार वाळलेत. मी मोसंबी घेऊन फुलंब्रीला गेलो.

मामा बाजेवर होते. बाजेपेक्षा तेच अरुंद झाले होते. डॉक्टरांनी गुरगुट्या भात आणि मऊ वरण सांगितलं होतं. पण त्यांच्या विहिरीचं पाणी पडलं जड, त्यात तूर काही शिजायची नाही. मामी सकाळपासून चूल फुंकत बसायच्या आणि डाळ दाण्याला दाणा तशीच. मामांना दात नव्हते. एक घास घोळवायचे आणि ताट सारायचे. मी गेलो तेव्हा कुकरातलं मीठ सुपात ओतलेलं होतं, आणि दीर झाकण काखेत धरून दारात उभा होता, घरात यावं की नाही या विचारात.

"ह्येंना भायेर न्या," मामी मला म्हणाल्या. "समद्यांनी भायेर व्हा. मी बसते."

आम्ही चौघांनी मामांसकट बाज उचलून गल्लीत ठेवली. शेजारीपाजारी आले. शेळ्यासुद्धा सोडून बाहेर आणल्या. मामांचा चेहरा उजळला होता. बाजेवरून ते सूचना देत होते, पाणी बघ, रबर नीट बसव, शिट्टी झाली की बोल, आणि मामींनी दार लावून घेतलं तरी देत राहिले. जमलेल्यांना म्हणाले, आता ऐका.

शिट्टी झाली. लोक नेमाने मागे सरकले. आणि आतून मामींचा बारीक, लाजरा आवाज आला, मी हाय. आम्ही सगळ्यांनी ऐकला. मामांनी नाही ऐकला.

"बोलली का?" त्यांनी मला विचारलं.

बोलल्या, म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा शिट्टी झाली, पुन्हा आतून तो बारीक आवाज आला, आणि पुन्हा मामा कानामागे हात धरून बसले. मग त्यांनी पाय बाजेखाली सोडले. ज्या माणसाला कूस बदलायला दोन माणसं लागत होती, तो उभा राहायला निघाला. मी खांदे धरले. दीर सांगत होता, शेजारीण सांगत होती, अहो बोलल्या, अगदी स्पष्ट बोलल्या. मामा कुणाचंच खरं धरायला तयार नव्हते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"लई भ्या वाटतं रे भायेरून," ते म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता, "हिला रोज आसंच वाटत आसंल का?"

शहरभर शिट्ट्या होत होत्या आणि ही बाई फुलंब्रीत दारात बसून होती, तिला तर आतून येणारा आवाजही कधी ऐकू आला नव्हता. इतकी वर्षं आम्ही दुकानात तिला हसलो होतो.

तिसरी शिट्टी झाली. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि मामी उंबऱ्यात आल्या, कपाळावर घाम, हातात पळी. म्हणाल्या, या, शिजलंय. मामांनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं आणि मग चारचौघांत खेकसले की मोठ्याने बोलायला काय झालं होतं. मामी म्हणाल्या, मोठ्यानेच बोलले की. दोघंही खरं बोलत होते. त्या दिवशी मामांनी ताटलीभर वरण-भात खाल्ला आणि आणखी मागितला.

त्यानंतर त्या घरात रोज कुकर लागला आणि रोज बाज बाहेर काढली गेली, कारण आत बसायचा मान मामींनी सोडला नाही. थंडी सरता सरता मामा गेले.

उन्हाळ्यात मी मामींना भेटायला गेलो. जेवूनच जा म्हणाल्या. कुकर चुलीवर होता, झाकण आता कायमचं घरातच राहिलं होतं. वाफ फसफसायला लागली तसा मी सवयीने उठून दाराकडे निघालो. बसा भाऊ, कुठं निघालात, असं म्हणून मामींनी मला पाट सरकवला. मी बसलो. बाहेर गल्लीत ऊन होतं आणि बाज भिंतीला उभी करून ठेवली होती.

शिट्टी झाली. मामींनी पळी खाली ठेवली, बाजेच्या दिशेला तोंड केलं आणि बहिऱ्या माणसालाही भिंतीपलीकडे ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाल्या,

"मी हाय."