ईथरची उमेदवारी

ऑपरेशन करणाऱ्याच्या गोष्टी पेशंट गावभर सांगत फिरतो. भूल देणाऱ्याच्या गोष्टी कोण सांगणार? ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो झोपलेला! त्यामुळे आमचे किस्से आमच्यापाशीच साठत जातात, आणि माझ्यासारख्या बडबड्या बाईला कोणी चहा पाजला की बाहेर पडतात.

साल अठ्ठावन्न. मी नुकती डॉक्टर होऊन यवतमाळच्या एका दवाखान्यात लागले होते. भूल शिकवायचा वर्ग वगैरे तिथे नव्हता. सर्जनसाहेबांच्या टेबलाशी उभं राहून शिकायचं. त्यांचं समाधान झालं की ते एका कागदावर सही करणार, 'या बाई एकट्याने भूल देऊ शकतात' अशी, आणि मग माझी बदली पुसदला. पुसदला सर्जन होते, पण भूल देणारं कोणी नव्हतं. तिथले पेशंट मोटारीत घालून यवतमाळला आणायचे. एक बाळंतीण वाटेतच गेली होती. साहेबांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यानंतर तो कागद मला जेवतानासुद्धा आठवायचा.

*

तेव्हा भूल म्हणजे नाकातोंडावर जाळीचा मुखवटा, त्यावर गॉझ आणि त्यावर बाटलीतून थेंब थेंब ईथर. साहेबांचा एक नियम होता. त्यांची नजर पोटात असायची, म्हणून पेशंटने श्वास घेतला की भूल देणाऱ्याने मोठ्याने 'आहे' म्हणायचं. प्रत्येक श्वासाला. तासभर चाललं तर तासभर.

 पहिल्या दिवशी मी नेटाने म्हणत होते, "आहे... आहे... आहे..."

साहेबांनी मान वर केली. पेशंटचे ओठ निळे पडले होते. थिएटरातले मदतनीस रहीमचाचा पुढे आले, त्यांनी त्याची हनुवटी वर उचलली, आणि अडकलेला श्वास घुर्र करून आत गेला.

साहेब मूळचे नेरकडचे. चिडले की शुद्ध मराठी बाजूला ठेवायचे. म्हणाले, "बाई, कोणाचा श्वास मोजून राह्यल्या? त्याचा का तुमचा?"

खरंच, मी माझाच मोजत होते. घरी येऊन खूप रडले.

*

पुढचं सगळं शिक्षण रहीमचाचांकडे. त्यांचं घराणं मोटार मेकॅनिकचं, आणि त्यांनी स्वतः वीस वर्षं मुखवटा धरला होता. ते मला बाटलीत पाणी भरून द्यायचे, तांब्याच्या तोंडावर फडकं बांधायचे आणि थेंब पाडायला लावायचे. धार लागली की पुन्हा पहिल्यापासून. मध्येच मुद्दाम गप्पा मारायचे, माझ्या सासरची चौकशी करायचे.

एकदा मी वैतागून विचारलं, "चाचा, नक्की बघायचं तरी काय? डोळे बघू, नाडी बघू, का बाटली बघू?"

"देखना बाद में, बेटी. पहले सुनो. इंजिन की आवाज बदली, तो गाडी रोको."

इतकी वर्षं झाली, याहून शहाणं वाक्य मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

*

आमचा मे महिना ठाऊक आहे ना? त्या उन्हात ईथर बाटलीतच उकळायचं. म्हणून बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून माठात ठेवायच्या आणि ऑपरेशनं उजाडताच उरकायची. एकदा केस लांबली. ऊन चढलं, खिडक्या बंद, आणि मी मुखवट्यावर वाकलेली. थेंब पडण्याआधीच उडून जात होता, म्हणून मी जास्त ओतत होते.

थोड्या वेळाने पेशंट पाय हलवू लागला. साहेब ओरडले, "बाई, हा जागा होऊन राह्यला!"

 त्याच्या वाटचं ईथर मी घेतलं होतं. त्याच्या उशाशी डोकं टेकून मी गाढ झोपले होते! उरलेले टाके होईपर्यंत 'आहे' चाचा म्हणाले. मला व्हरांड्यात नेऊन ठेवलं होतं.

*

दिग्रसकडच्या तांड्यावरून एक आजी आली. पाठीवर मोठी गाठ. जुन्या काळी तिच्या घरचे बैलांवर मीठ आणि धान्य वाहायचे. भूल देताना पेशंटला आकडे मोजायला सांगतात, तसं मी तिला सांगितलं. ती खणखणीत आवाजात वीसपर्यंत गेली, आणि पुन्हा एकपासून सुरू झाली. पुस्तकात लिहिलं होतं, आकडे चुकले की भान चाललं. मी खूश. दुसऱ्यांदा वीसवर येऊन ती गप्प झाली. मी साहेबांना खूण केली.

सुरी पाठीला टेकणार, तेवढ्यात मुखवट्याखालून आवाज आला. "दोन विसा झाल्या. खडा कोन ठेवून राह्यलं?"

पोती मोजताना वीस झाली की एक खडा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा एकपासून मोजायचं. जन्मभर ती तशीच मोजत आली होती.  साहेबांनी सुरी खाली ठेवली, गॉझचे दोन बोळे तिच्या मुठीत दिले आणि म्हणाले, "हे घ्या खडे, आजी. मोजा पुढं."

तिसऱ्या विशीत अकराला ती झोपली. मी मात्र बारा ऐकू येत नाही याची खात्री होईपर्यंत खूण केली नाही, चांगली पाच मिनिटं थांबले.

*

सहा महिने झाले. साहेबांनी कागद टाइप करून खणात ठेवला आणि सांगितलं, उद्याची हर्नियाची केस नीट झाली की सही.

पेशंट कळंबचा, चिंतामणी गणपतीच्या गावचा. मी दोनदा विचारलं, "सकाळपासून जेवलात का?" दोनदा म्हणाला, "नाही जी."

ईथर अर्ध्यावर आलं आणि तो ओकला. झोपलेला माणूस ओकला तर ते छातीत जातं, माणूस हातचा जातो. मी मान वळवली, चाचांनी टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली, आणि मी बोटांनी घशातून लाडू काढत राहिले. हो, लाडूच!  'आहे' म्हणायला मला काही मिळेना. मग एकदाचा तो खोकला.

संध्याकाळी त्याची बायको म्हणाली, "जेवले नाही न जी ते. चिंतामणीचा परसाद खाल्ला फक्त. परसादाले कोनी जेवन म्हन्ते का?"

मला वाटलं साहेब तिला बोलतील. ते माझ्याकडे वळले. "चूक कोणाची?"

"माझी. तोंडात काय घातलं ते विचारायला हवं होतं."

"हं," म्हणाले. कागद खणातच राहिला. पुसदहून त्या आठवड्यात आणखी दोन पेशंट मोटारीने आले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

*

दिवाळी झाली आणि एके सकाळी साहेबच पोट धरून बसले. स्वतःच दाबून पाहिलं आणि म्हणाले, अपेंडिक्स. पुसदच्या सर्जनना फोन गेला, ते जीपने दुपारी पोचले. तपासून म्हणाले, आजच कापलं पाहिजे. पण माझ्याकडे बघून जरा घुटमळले. "साहेब, नागपूरहून भूल देणारा मागवू. संध्याकाळपर्यंत येईल."

"तोवर फुटंल ते," साहेब म्हणाले. "बाई देतील."

मला नाही म्हणायचं होतं. ज्या माणसाने नऊ महिने मला एकटीला बाटली धरू दिली नव्हती, तोच टेबलावर येऊन पडला होता. घाम त्यांनाही आला होता आणि मलाही. चाचांनी बाटली आणून दिली. मी मुखवट्यावर गॉझ लावला आणि त्यांच्या डोक्याशी उभी राहिले.

साहेबांनी हात वर केला. "थांबा. रहीम, खणातला कागद आण. पेनही आण."

चाचा धावत जाऊन घेऊन आले. साहेबांनी ट्रेवर कागद टेकवला आणि पडल्या पडल्या सही केली. खाली तारीख घातली, सतरा.

मी हळूच म्हणाले, "साहेब, आज सोळा आहे."

"मले माहीत आहे. उद्या उठलो तर चालंल तो," म्हणाले, आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला.