डबाबंद कैरीची चटणी

चार बायका एका चुलीपाशी बसल्या, की फळं टिकोत न टिकोत, किस्से मात्र टिकतात! वसमतला आमचं तसंच झालं. निजामाचं राज्य होतं, मी नवी नवरी. शेजारी मालतीबाई, वकीलसाहेबांची बायको. त्यांच्याकडं हैदराबादहून एक उर्दू कागद आला. कैरी, कांदा, मिरची घालून चटणी करायची आणि टीनच्या डब्यात सील करायची. वर्षभर ताजी! उर्दू वाचता येई फक्त झुबेदाभाभीला. तिचे मालक करीमभाई टीनचे डबे बनवायचे. चौथ्या यमुनाकाकू, देवळातल्या पुजाऱ्यांच्या घरच्या.

* * *

भाभीनं वाचलं, "सिरका डालो."

"ते काय असतंय?" काकूंनी विचारलं.

"उसाचा रस सडवून करतेत."

"म्हंजे चांगलं फळ सडू नये म्हणून त्यात सडकं घालायचं? काहून?"

भाभीनं कागद उलटून पाहिला.

"काहून, ते न्हाई लिहिलं!"

* * *

पुढं होतं, "बीस मिनट उबालो." घड्याळ वकीलसाहेबांच्या खिशात, आणि वकीलसाहेब कोर्टात!

काकू म्हणाल्या, "माझं विष्णुसहस्रनाम म्हंजे वीस मिनिटं बराबर."

त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. मधेच मालतीबाईंनी मीठ मागितलं आणि काकू विसरल्या, कुठवर आलं होतं ते. पुन्हा पहिल्यापासून! असं तीनदा झालं. चटणीच्या वड्या पडल्या.

भाभी कढई खरवडत म्हणाली, "काकू, पुढल्या बारीला थोड्या नावांचा देव घ्या!"

* * *

दुसऱ्या वर्षी चटणी जमली. करीमभाईंनी सहा डब्यांना कथलाचा टाका मारून तोंडं बंद केली. त्याच दिवशी त्यांच्याकडं हट्टा गावच्या वैद्यबुवांना धाडायचे एरंडेलाचे डबे बंद करायला आले होते. आकार तोच, लेबल कुणालाच नाही.

मालतीबाईंच्या बहिणीला बघायला पाहुणे आले. मोठ्या थाटात डबा फोडला, ताटात वाढला. मुलाच्या वडिलांनी बोट बुडवलं, बराच विचार केला आणि म्हणाले, "चटणी जरा पातळ झाली वाटतं."

लग्न जमलं, ते सोडा! आठ दिवसांनी करीमभाईंना वैद्यबुवांचा निरोप आला: "या खेपेचं एरंडेल लेकरं मागून मागून खाऊन राहिली. अजून धाडा!"

* * *

आणि हा किस्सा अठ्ठेचाळीस सालचा. आमचे हे निजामाविरुद्धच्या चळवळीत होते, सरहद्दीपल्याड उमरखेडच्या बाजूला कॅम्पात. चार महिने चिठ्ठी नाही. आहेत की नाहीत, तेही कळेना. आखाडा बाळापूरचा एक कासार बांगड्या घेऊन तिकडं जायचा, त्याच्याजवळ मी चटणीचा एक डबा दिला. आत चिठ्ठी घालणार होते. करीमभाई म्हणाले, "न्हाई बहेन. नाक्यावर शिपायांनी डबा फोडला, तर त्या गरिबाची मान जाईल."

दोन महिन्यांनी कासारानं एक सीलबंद डबा आणून ठेवला. "कुणी दिला, इचारू नका," एवढंच बोलून गेला.

त्या दिवसांत गल्लीत हिंदू-मुसलमान एकमेकांच्या दारात जात नव्हते. तरी भाभी आणि करीमभाई भरदुपारी माझ्याकडं आले. करीमभाईंनी डबा फिरवून पाहिला. "हा टाका माझा न्हाई." म्हंजे आपलाच डबा तसाच परत आला नव्हता. मग काय समजायचं? माझ्याजवळ बसलेल्या काकू देवाचं नाव घेऊ लागल्या. शेवटी भाभीनं सुरी घातली.

आत चटणीच होती. काळपट, ओबडधोबड फोडींची. साल तशीच, कोयीचे तुकडेही तसेच.

मी बोट लावून चाखली. मीठ! नुसतं मीठ! मी आजारी होते तेव्हा हे एकदाच चुलीपाशी गेले होते, आणि ती खारट भाजी गाईनंही हुंगून सोडली होती.

मी हसत सुटले. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"अगं, झालं काय? हसून काहून राहिली?" काकू घाबरून विचारू लागल्या. भाभीनं एक फोड तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं आणि डबा माझ्यापुढं सरकवला.

मी तो बोटांनी तळापर्यंत पुसून खाल्ला.