मुतारीची फळी

मास्तर रिटायर झाला की त्याला विद्यार्थी आठवतात. शिपाई रिटायर झाला की त्याला किस्से आठवतात. मास्तरला एक वर्ग दिसतो. शिपाई व्हरांड्यात स्टुलावर बसतो, त्याला सगळं दिसतं. त्यात माझं स्टूल मुतारीच्या वाटेवर. शाळेतला लहानमोठा प्रत्येक जण त्या वाटेनं जायचाच. मला किस्से गोळा करावे लागले नाहीत. ते चालत यायचे. काही पळत यायचे!

मी चौथी शिकलेला. पण खामगावकडच्या आमच्या गावातल्या हायस्कूलमध्ये हयात काढली. मुख्याध्यापक आले, गेले. मी होतो तिथंच होतो. शेवटचे मुख्याध्यापक आले ते नियमाचे माणूस. मला पटले. नियम नसला की शाळेचा बाजार होतो. हे किस्से त्यांच्या एकाच नियमाचे आहेत.

*

आल्या आल्याच सरांनी गणिताच्या तासाला दहावीची अर्धी पोरं मुतारीमागं पकडली. सगळी एका मोबाईलवर मॅच पाहत होती. सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार बोलावला आणि दोन फळ्या करायला सांगितल्या. एक मुलांची, एक मुलींची. अख्ख्या शाळेत दोनच. त्या माझ्या डोक्यावरच्या खिळ्यांना टांगायच्या. तास चालू असताना कोणाला जायचं असेल, तर मास्तरला विचारायचं, माझ्याकडून फळी घ्यायची, ती हातात धरून जायचं आणि परत आणून द्यायची. फळी बाहेर असेल तर दुसऱ्यानं थांबायचं. फळी नाही तर मुतारी नाही.

सुतारानं विचारलं, “लाकूड कसं पाहिजे सर?”

“टिकाऊ.”

त्यानं बाभळीच्या केल्या. बैलगाडीला चालतील अशा. पहिल्याच दिवशी पाचवीतलं एक पोरगं फळी दोन्ही हातांनी कवटाळून गेलं. फळी खाली ठेवावी तर खाली ओलं. पोरानं आतूनच, मैदानापलीकडून, मोठ्यानं हाक मारली,

“मामा, फळी धरता का? माये दोन्ही हात गुतले!”

धरली. शिपायाच्या कामात ते बसतं की नाही, कोणाला विचारलं नाही.

*

गणिताच्या सरांनी नियमाला आपलं एक कलम जोडलं. करंगळी वर केली की ते म्हणत, “आधी सतराचा पाढा. मग फळी.” त्यांचं म्हणणं, टाइमपास करणारा पाढ्याच्या भीतीनं बसून घेतो.

सातवीतल्या एका पोरानं करंगळी वर केली आणि सतराचा पाढा एका दमात म्हणून टाकला. असा पाढा त्या वर्गानं कधी ऐकला नव्हता. सर इतके खूश झाले की खुर्चीवरून उठले.

“शाबास! आता सावकाश म्हण. सगळ्यांना ऐकू दे!”

पोरगं सावकाश म्हणू लागलं. सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत आलं. तिथं पाढा थांबला. बाकीचं थांबलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी पाढा दोनाचा केला.

*

एकदा मुलांची फळी हरवली. नववीच्या पोरांनी ती बॅट म्हणून शेजारच्या गावात मॅचला नेली होती, हे मागून कळलं. मॅच जिंकले म्हणे. बाभळीची बॅट, बॉल काय टिकतो!

सर म्हणाले, “फळी सापडेपर्यंत कोणी जायचं नाही.”

थोड्या वेळानं दहावीतला एक दांडगा पोरगा वर्गातलं बाक खांद्यावर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

“हे काय बे?”

“फळीच आहे मामा. जराशी मोठी आहे.”

मी बाकाकडं पाहिलं. नियमात माप सांगितलेलं नव्हतं. सोडला.

*

पोरं अशी भांडून, फसवून मार्ग काढायची. पोरींचं तसं नव्हतं. त्यांनी पाणीच बंद केलं.

वैष्णवी नावाची नववीतली पोरगी होती. दूरच्या वस्तीवरून एसटीनं यायची. त्या वस्तीवरून नववीपर्यंत आलेली ती एकटीच. बाकीच्या पोरी सातवीनंतर घरी बसलेल्या. सकाळी बाटली भरून आणायची, संध्याकाळी भरलेलीच घरी न्यायची. मी एकदा विचारलं,

“काऊन वं, पाणी कडू आहे का?”

“नाही मामा. पेलं की जा लागते.”

“मंग जाय ना. फळी आहे इथं.”

“फळी घेऊन सारं मैदान वलांडा लागते. पोरं खिडकीतून पाह्यते अन् म्हणते, निघाली पालखी!”

उन्हाळा लागला आणि ती प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. डॉक्टरनं सांगितलं, पोटात पाणी नाही. दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. उंच, मिशीवाला, कमी बोलणारा माणूस. ऑफिसच्या दारातच उभा राहून म्हणाला,

“सर, शाळा पोराईले उभं कराले असते, आडवं कराले नाही. अजून एक बार पडली तर मी तिचं नाव काढून नेतो.”

नाव काढलं असतं तर ती दुसऱ्या कोणत्या शाळेत गेली नसती. चुलीपाशी गेली असती. हे त्यालाही माहीत होतं, आम्हालाही.

*

सायन्सच्या बाई मुख्याध्यापकांकडं गेल्या. “सर, निदान मुलींचा नियम काढा.”

सर म्हणाले, “बाई, हा सगळा सवयीचा भाग आहे. मी स्वतः शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत जात नाही. मला कधी पाहिलंत?”

खरं होतं. मीही कधी पाहिलं नव्हतं.

बाई स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या, “आपले सर माणूस नाहीत, धरण आहेत!”

तेव्हापासून स्टाफरूममध्ये त्यांचं तेच नाव पडलं. फोनवर सुद्धा एकमेकांना विचारत, “धरण आलं का?” सरांना वाटे, पिण्याच्या पाण्याची चर्चा चालली आहे. त्यांनी एकदा मीटिंगमध्ये स्टाफचं कौतुक केलं.

*

वैष्णवी पीटीच्या तासाला पुन्हा पडली.

बाप दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आला. सोबत पोरगी. उन्हातून आला होता. आलेल्या माणसाला मी आधी पाणी देतो. तांब्याभर प्यायला. मग चहा दिला. सरांसमोर बसून तो एवढंच म्हणाला, “टीसी द्या.”

क्लार्कनं टीसी लिहून आणली. फक्त सरांची सही राहिली. सरांनी पेन उघडलं, पण सही केली नाही. बोलायला लागले. पोरीला शाळेतून काढू नका म्हणाले. ते मनापासून म्हणत होते. मग बोलता बोलता गाडी शिस्तीवर आली. शिस्तीवरून सवयीवर आली. सवयीवरून त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेवर आली. तिथून गाडी लवकर परतत नसे.

मी दारात उभा होतो. वैष्णवी बापाच्या खुर्चीमागं उभी. ती माझ्याकडं पाहत नव्हती, त्या कागदाकडं पाहत होती.

बाप आधी खुर्चीत नीट बसला होता. मग एका बाजूला बसला. मग दुसऱ्या. पायावर पाय टाकला, काढला. सरांचं चालूच. शेवटी त्या मिशीवाल्या माणसानं टेबलासमोर बसल्या बसल्या हळूच करंगळी वर केली.

सर बोलण्याच्या भरात होते. मान वर न करता म्हणाले,

“तास संपू दे.”

क्लार्कचं तोंड उघडं राहिलं. सरांच्याही ध्यानात आलं, पण शब्द तोंडातून गेला होता. बापानं करंगळी खाली घेतली. का घेतली, मला माहीत नाही. अर्धा उठला होता, तो परत बसला.

तेव्हा वैष्णवी वाकून त्याच्या कानाशी बोलली. हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू आलं.

“असंच असते बाबा इथं. बसा.”

बाप पोरीकडं पाहतच राहिला.

मी व्हरांड्यात आलो आणि घंटा दिली.

तास निम्माही झाला नव्हता. अख्खी शाळा धडधडत बाहेर आली. त्या गर्दीतून वैष्णवीचा बाप धोतराचा सोगा धरून मैदान ओलांडत गेला. हसायला खिडकीत एकही पोरगं उरलं नव्हतं. येताना नळावर हात धुतले, चेहरा धुतला आणि ऑफिसात आला. सरांचं पेन अजून उघडंच होतं.

“सही राहू द्या सर,” तो म्हणाला. “पोरगी इथंच शिकन. मी घरून दोन बाटल्या भरून देतो. त्या रिकाम्या वापस आल्या पाह्यजेत. ते तुमच्याकडं.”

सरांनी पेन बंद केलं. टीसी फाडली. मग मान हलवली.

“हाव,” सर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आमच्याकडचा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. दोन्ही फळ्या त्यांनी स्वतः खिळ्यांवरून काढून टेबलावर ठेवल्या होत्या. सर खिडकीबाहेर पाहत होते.

“आज घंटा लवकर झाली.”

“हो सर.”

“तुमचं घड्याळ बिघडलं का?”

“नाही सर.”

“मग?”

“घंटाही बिघडलेली नाही.”